तुळशीतला अर्थ

लग्नात चारुशीलेच्या वडिलांनी तिला सोन्याचे चार डाग घातले होते. त्यानंतर मिळाले ते सगळे कथलाचे. एक जेवणाच्या पाटावर होता, एक शालूच्या पदरावर होता आणि एक तिच्या डाव्या मनगटावर होता. मनगटावरचा का, तर "अहो, पानं घेतलीत" असं म्हणत तिने चुकून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मधुसूदन मुलमुलेच्या भाषेत दोन तारांची टोकं वितळलेल्या कथलाने जोडणं म्हणजे डाग देणं. एकदा डाग द्यायला बसला की त्याला भूक, तहान, बायको आणि आग यांतलं काहीही कळत नसे.

मधुसूदन पाटबंधारे खात्यात कारकून होता. कचेरीत दिवसभर त्याच्या हातून काहीही घडू नये अशी सरकारनेच चोख व्यवस्था केलेली होती, त्यामुळे घडवण्याची सगळी ताकद शिल्लक घेऊन तो सायकलवर घरी येई. येताना बर्डीच्या बाजारातून तारा, दिवे आणि चिमुकल्या रंगीत पट्ट्यांच्या नळ्या आणी. त्यातून त्याने दाराची घंटा केली. दारात कोणी नसलं की ती वाजे. कोणी आलं की पाहुण्यांसमोर लाजल्यासारखी गप्प बसे. मग पाऊस आला की सांगणारं यंत्र केलं. ते पाऊस आल्याचं सांगे, पण स्वतः भिजून चिंब झाल्यावर. तोवर दोरीवरचे कपडेही तेच सांगत असत.

वैशाखातल्या एका रविवारी त्याने घरातला रेडिओ खोलला. रेडिओ उत्तम चालत होता. नेमकं हेच त्याला खटकलं होतं.

"काय झालंय त्याला?" चारुशीलेने विचारलं.

"झालं काही नाही. आवाजाला खोली नाही."

"आपण माणसं तीन आणि खोल्या दोन. त्याला कशाला हवी वेगळी खोली?"

मधुसूदन हसला नाही. त्याच्या तोंडात तीन स्क्रू होते.

"अहो, बुधवारी दुपारी माझा कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "आठवतंय ना?"

"बुधवारी!" त्याने स्क्रू वाटीत थुंकले. "आज रविवार. उद्या हा असा वाजेल की तू स्वतःला ओळखणार नाहीस."

स्वतःला ओळखायचं, एवढंच तर चारुशीलेला हवं होतं.

त्याचं असं झालं होतं. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमासाठी भाषण मुद्रित करायला तिला बोलावलं होतं. विषय होता 'टाकाऊतून टिकाऊ'. करवंटीच्या बाहुल्या, फुटक्या बरणीची कुंडी, जुन्या पातळांची दुलई असं सगळं तिने सुवाच्य अक्षरात लिहून नेलं. घरात रोज टिकाऊतून टाकाऊ होताना पाहत असल्यामुळे विषयाची उलटी बाजू तिला तोंडपाठ होती. पण त्या थंडगार बंद खोलीत लाल दिवा लागला आणि तिची जीभ अशी सुटली की दहा जणींच्या पंगतीचं जेवण एकटीने उरकावं तसं तिने भाषण उरकलं. कागद संपला. वेळ संपला नाही. काचेपलीकडच्या बाई बोटं गोल गोल फिरवून खुणा करायला लागल्या, बोला, बोला. म्हणून चारुशीला बोलली.

काय बोलली ते तिला आठवत नव्हतं. इतकं आठवत होतं की नवऱ्याचा विषय निघाला होता, आणि तो तिनेच काढला होता. बाहेर आल्यावर त्या बाई म्हणाल्या, "छान झालं हो. शेवट तर फारच घरगुती झाला."

या 'घरगुती'ने तिची झोप उडवली. तिच्या घरात घरगुती गोष्ट एकच होती, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात मांडी घालून धूर काढत असे. सबंध विदर्भाला आपण नवऱ्याबद्दल काय सांगून आलो? काटोलला माहेर होतं, कळमेश्वरला नणंद होती, आणि दोन्हीकडे रेडिओ चालू होते, कारण मधुसूदन तिथे अजून पोचला नव्हता. बुधवारी दुपारी ते सगळं हवेवर जाणार, आणि संध्याकाळपासून लोक तिला तिचीच वाक्यं ऐकवणार. निदान त्यांच्याबरोबर तरी आपल्याला कळावं. आणि शक्य झालं तर आपण ऐकावं, पण ह्यांनी ऐकू नये.

सोमवारी संध्याकाळी मधुसूदनने शेजारच्या नत्थूजींचा ट्रान्झिस्टर आणला.

"तुलनेसाठी," तो म्हणाला. "एक चालता रेडिओ समोर असला की न चालणारा कुठे चुकला ते लगेच कळतं."

झोपायच्या वेळेपर्यंत दोन्ही रेडिओ तंतोतंत सारखे झाले होते. तुलना करायला आता काही उरलं नव्हतं.

नत्थूजी कन्हानकडच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. खाणीत उभा जन्म स्फोटांचे आवाज ऐकल्यामुळे त्यांना शांतता सोसत नसे. मंगळवारी सकाळी बनियनवरच कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"मधूभाऊ, झाला का गा माह्यावाला रेडिओ?"

"होतोय, नत्थूजी. जरा आवाजाला खोली देतोय."

"खोली नको देऊ गा. आवाजच दे. राती मले झोप नाई लागली. रुखमा घोरते थे समदं आयकू येऊन राहिलं."

"आज संध्याकाळी देतो."

"काल बी आजच म्हटलं होतं तुमी," कुंपणापलीकडून नत्थूजींची बायको रुखमाबाई म्हणाली. "आन् मी कवा घोरते वं, चारूताई? तुमीच सांगा."

चारुशीला दुसऱ्याच हिशेबात होती. कोपऱ्यावरच्या पानठेल्यात एक रेडिओ होता, पण मधुसूदनने तो मागच्याच महिन्यात सुधारला होता; तेव्हापासून त्यावर फक्त सिलोन लागे, तेही बंद केल्यावर. गोकुळपेठेत तिची बहीण होती, तिच्याकडे धडधाकट रेडिओ होता. पण तिथे भावोजी होते, ताईची सासू होती, आणि 'घरगुती' शेवट त्यांच्या देखत ऐकण्यापेक्षा न ऐकलेला बरा. तरी तिने विषय काढून पाहिला.

"मी उद्या ताईकडे जाऊन ऐकते."

"रेडिओचा माणूस घरात असताना?" मधुसूदनला इतकं लागलं की हातातलं कथील थेट चटईवर पडलं. आणखी एक डाग.

"भर वैशाखात कुठं चालली वं?" ओट्यावरून सासूबाईंनी, यमुताईंनी, विचारलं. "लू लागून पडशील रस्त्यात. काहून जाते उगीच? त्यापेक्षा इथंच बोल, आम्ही ऐकतो."

मग मंगळवारी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मधुसूदनला साक्षात्कार झाला. त्याने दोन्ही रेडिओंच्या अवशेषांकडे पाहिलं, काही वस्तू बाजूला काढल्या आणि गंभीर चेहऱ्याने स्वयंपाकघरात आला.

"चारू, नवाच सेट करतो. वीज नको, सेल नको, काही नको."

"रेडिओ तरी हवा की तोही नको?"

"अगं, हवेतून लहरी येतातच. त्या धरायच्या फक्त. उंचावर एक तार, जमिनीत एक तार, मध्ये एक गुंडाळी आणि हा एवढासा डायोड. ऐकायला कामठीच्या लष्करी भंगारातला माझा हेडफोन आहे. त्याची एकच बाजू चालते, म्हणजे एका वेळी एकाच माणसाला ऐकू येईल." तो ओशाळला. "एवढा एक दोष आहे."

चारुशीलेने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या एखाद्या यंत्राकडे आपुलकीने पाहिलं. एकाच माणसाला! ह्यापेक्षा मोठा गुण तर विलायती रेडिओतही नसेल.

"काय काय लागेल?" तिने विचारलं, आणि मधुसूदन दचकला. असा प्रश्न घरात आजवर कोणी विचारला नव्हता.

"गुंडाळी गुंडाळायला काहीतरी गोल, लाकडी, गुळगुळीत..."

तिने लाटणं काढून दिलं. स्वतःच्या हाताने दिलं. त्या रात्री घरात भाकरी झाल्या, बुधवारी सकाळीही भाकरीच झाल्या, आणि यमुताईंनी "आज काय पोळ्यांची एकादशी लागली का?" असं विचारलं तेव्हा तिने "पोटाला थंड असते" असं उत्तर दिलं.

उंचावरची तार नत्थूजींच्या गच्चीपासून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत गेली. मध्ये रुखमाबाईने वाळत घातलेल्या कुरड्या होत्या. त्यातल्या काही मधुसूदनच्या पायाखाली आल्या. "पाय लागला त्या तुमीच खा आता," ती म्हणाली, आणि त्याने तिच्यासमोर उभं राहून खाल्ल्या, कच्च्याच. रेडिओचा माणूस कुठल्याही थराला जातो.

बुधवारी मधुसूदनने रजा टाकली. जेवणं झाली, दुपार तापली, आणि चारुशीला अंगणात डोकावली तेव्हा तो पहारीने जमीन ठोकत होता. पहार एखाद्या मंदिराच्या घंटेसारखी ठण्ण वाजत होती. अंगणभर खड्डे. लाटण्याला तारेचे वेढे, वेढ्यांना आणखी तारा, हेडफोन कानाला, आणि चेहऱ्यावर तीव्र निराशा. कार्यक्रमाला आता फार वेळ उरला नव्हता.

तिचा संयम संपला. "अहो, ह्या सगळ्याला काही अर्थ आहे का?"

"नाही ना!" तो कळवळून म्हणाला. "तेच तर शोधून राहिलो सकाळपासून! अर्थच लागत नाही!"

ती खड्डे चुकवत पुढे आली.

"म्हणजे जमिनीत जाणारी तार," त्याने समजावलं. "तिला अर्थ म्हणतात. जमिनीत ओल लागते त्यासाठी. अर्थ नाही तर आवाज नाही. आणि इथे कुठे खणलं तरी ठणठणीत कोरडं. नळाखालीसुद्धा धूळ आहे."

तेवढ्यात त्याची नजर तुळशीवर गेली. वैशाख असल्यामुळे यमुताईंनी तुळशीवर गळती टांगलेली होती: तळाला बारीक भोक पाडलेला तांब्या, त्यातून थेंब थेंब पाणी अखंड मुळाशी. अख्ख्या नंदनवन वस्तीत उन्हाळ्यात ओली राहणारी तेवढी एकच हातभर जागा होती. मधुसूदन तार बांधलेली सळई घेऊन पुढे झाला. पण तुळशीजवळच ओट्यावर यमुताई माळ ओढत बसल्या होत्या, आणि त्यांच्या तुळशीला विटाळाचा वारा लागलेलाही खपत नसे, लोखंडाची सळई तर दूरच.

मधुसूदन त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आई, मला आत्ता कळलं. अर्थ तुळशीत आहे."

यमुताईंची माळ थांबली. या मुलाने मुंजीनंतर कधी पळीभर पाणी सोडलं नव्हतं. "काय म्हणालास रे?"

"सगळीकडे शोधला. सगळं अंगण धुंडाळलं. सगळं कोरडं आहे."

"कोरडंच असतं रे बाबा सगळं," यमुताईंचे डोळे पाणावले. "मी केव्हाची तेच सांगून राहिले. बाहेर काही नाही. जे आहे ते इथं."

"इथे लावला तर लगेच लागेल ना?"

"लागंल, का नाही लागणार! मन लाव."

"मन नाही आई, सळई लावायची आहे."

"ज्याचा जसा मार्ग," यमुताई म्हणाल्या. "लाव."

या घरात गैरसमज दूर करणं हे चारुशीलेचंच काम असे. आज पहिल्यांदा तिने सुट्टी घेतली.

सळई ओल्या मातीत लोण्यासारखी शिरली. मधुसूदनने कान लावला, लाटण्यावरची पट्टी वरखाली सरकवली, आणि त्याचा चेहरा उजळला. "आला! कोणीतरी ज्वारीचे भाव सांगून राहिला!"

तुळशीपाशी पाट मांडून चारुशीला तयारच बसली होती. तिने हात पुढे केला. "द्या इकडे. मी ऐकते."

"थांब जरा," मधुसूदन म्हणाला, आणि कुंपणाकडे वळून ओरडला, "नत्थूजी! रुखमाबाई! या! लागला!"

"अहो, त्यांना कशाला? एकालाच ऐकू येतं म्हणालात ना?"

"तुझा कार्यक्रम, आणि तू एकटीने ऐकायचा?" त्याच्या डोळ्यांत प्रेम होतं, आणि चारुशीलेला आजवर ज्या ज्या गोष्टींनी मनस्ताप दिला त्या सगळ्यांच्या मुळाशी हेच प्रेम होतं. "काल रात्रभर विचार केला. तोड निघाली. सणावारी वरण शिजवायचा तो पितळेचा गंज आण."

"गंज नाही सापडत."

"हा बघ, मी आधीच आणून ठेवलाय."

त्याने तो मोठा गंज ओट्यावर ठेवला आणि हेडफोन त्याच्या तळाशी सोडला. पितळेने आवाज धरला, घुमवला आणि बारीकसा का होईना, वर आणला. नत्थूजी, रुखमाबाई, यमुताई, मधुसूदन आणि चारुशीला अशी पाच डोकी एका गंजावर वाकली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, वरणात काहीतरी पडलंय.

ज्वारीचे भाव संपले. एक सुरेल ओळ वाजली. निवेदिकेने "नागपूरच्या नंदनवन वस्तीतील सौभाग्यवती चारुशीला मुलमुले" असं पूर्ण पत्त्यानिशी म्हटलं, आणि गंजाच्या बुडातून एक बाई बोलायला लागली.

"मैत्रिणींनो, नमस्कार."

चारुशीलेने लगेच ओळखलं: ही काटोलची मोठी आत्या. तोच करडा स्वर, तीच वाक्याच्या शेवटी घेतलेली गिरकी. तिला आत्याबद्दल आजवर जे वाटत आलं होतं ते सगळं आठवलं, आणि मग लक्षात आलं की आत्याला जाऊन पुष्कळ दिवस झाले, आणि ही बाई आपणच आहोत.

"वयनी," नत्थूजी म्हणाले, "तुमी विहिरीत पडल्यावानी बोलून राहिल्या."

"चूप बसा नं गा तुमी!" रुखमाबाई म्हणाली. "बाई काय म्हणते, करवंटी चुलीत काहून घालाची नाई?"

"बाहुली होते त्याची," चारुशीला दातओठ खाऊन म्हणाली. "ऐका ना जरा."

"आन् मंग चूल कशानं पेटवाची?"

"तुळशीतून आवाज येऊन राहिला गं बाई," यमुताईंनी हात जोडले. "आणि सुनेचाच येऊन राहिला. काय म्हणावं!"

"आई, तुळशीतून नाही, आवाज सिव्हिल लाइन्समधल्या आकाशवाणीतून येतो. तुळशीत नुसता अर्थ आहे," मधुसूदन म्हणाला आणि पट्टी किंचित सरकवली, म्हणजे आणखी स्पष्ट येईल. आत्या एकदम बुडाली, तिच्या जागी कोणी गोंडी गाणं म्हणायला लागलं, आणि पुन्हा आत्या आली तेव्हा ती फुटक्या बरणीपाशी पोचली होती. गाळलेल्या भागात पातळांची दुलई गेली.

"अहो, हात लावू नका त्याला!"

"जरा नीटच करत होतो."

"नीट करू नका! मी पाया पडते तुमच्या, काहीही नीट करू नका!"

बरणीची कुंडी झाली. कुंडीत मनीप्लँट लागला. कागदातलं हे शेवटचं होतं, चारुशीलेला पक्कं माहीत होतं. ह्यानंतर काचेपलीकडची बोटं फिरणार होती. पाच डोकी, एक गंज, आणि आता पुढचं वाक्य सगळ्यांनाच ऐकू येणार.

आणि आवाज खोल खोल गेला.

"अर्थ गेला!" मधुसूदन ओरडला.

"पयलेपासून होता कोठी?" नत्थूजींनी विचारलं.

गळतीतलं पाणी संपलं होतं. वैशाखाच्या उन्हाने वरची माती बघता बघता पिऊन टाकली होती. यमुताईंनी लगबगीने जवळचा गडू तुळशीत रिता केला, आणि गंजातून आवाज अंगात आल्यासारखा उसळून वर आला. "तर मैत्रिणींनो, आता तुम्ही विचाराल, आमच्या घरी..."

चारुशीलेला एका क्षणात सगळं दिसलं. ती उभी राहिली. या घरात आजवर कोणीही न ऐकलेल्या आवाजात, आत्याच्याच म्हणा, तिने हुकूम सोडले.

"पाणी घाला! थांबू नका! नत्थूजी, हौदावरून बादली आणा! रुखमाबाई, तुमच्या रांजणातलं घ्या! आई, तुम्ही घालत राहा! आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली, "तुम्ही सळई धरा. दोन्ही हातांनी. हलली तर बघा!"

खाणीतल्या माणसाला हुकूम कळतो. नत्थूजी धोतर सावरत धावले. रुखमाबाई कळशी आणायला पळाली. मधुसूदन चिखलात गुडघे टेकून सळईला बिलगला, कारण आयुष्यात प्रथमच त्याच्या यंत्रासाठी तीन माणसं धावत होती. चारुशीलेने गंजातला हेडफोन उचलला, कानावर दाबला, आणि तुळशीकडे पाठ करून बसली.

"...आमच्या घरी टाकाऊ असं काहीच नाही," आत्या म्हणत होती. "माझे यजमान कोणतीही वस्तू खोलू शकतात." मग शांतता. या शांततेत बोटं फिरत असणार. "रेडिओ, पंखा, शिलाईची मशीन. बंद असली तर खोलतातच. चालू असली तरी खोलतात."

चारुशीलेने डोळे गच्च मिटले. झालं. सांगितलं. सगळ्या विदर्भाला सांगितलं.

पुन्हा शांतता. पुन्हा बोटं.

"आणि मैत्रिणींनो, वस्तू खोलून बसले की त्यांचा चेहरा असा काही होतो, की पुन्हा जोडा म्हणायला आपली जीभच उचलत नाही. नमस्कार."

सनईचा एक तुकडा वाजला आणि कोणीतरी उन्हाळी भुईमुगावर बोलायला लागलं. चारुशीला हेडफोन कानाला धरून भुईमूग ऐकत बसली. हे आपलं मत आहे हे तिला आत्ता, आकाशवाणीकडून कळलं होतं. तिला नवऱ्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं चटईवर कथील सांडायचं, लाटण्याला तारा गुंडाळायच्या, आणि वर बायकोच्या तोंडून, तिला न विचारता, असली वाक्यं काढून घ्यायची.

"आटोपलं का वं?" नत्थूजी तिसरी बादली घेऊन धापा टाकत होते. तुळस कंबरभर पाण्यात उभी होती. सळई धरलेला मधुसूदन चिखलाने माखला होता, आणि यमुताई अजूनही पाणी घालत होत्या, आता मुलावर.

"संपलं," चारुशीला म्हणाली.

"आलं ना स्पष्ट?" मधुसूदनने मान वर केली. "शेवटचं काय होतं? आम्हाला ऐकूच आलं नाही."

"तुमचं कौतुक केलं मी."

"खरंच? काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझे यजमान कोणतीही वस्तू खोलू शकतात."

"मग?"

"मग वेळ संपला."

मधुसूदन चिखलात तसाच बसून राहिला. नत्थूजींनी मात्र बादली खाली ठेवली. "हे तं खरं हाये, वयनी. पण जोडू शकते का, थे नाई सांगतलं तुमी?"

रविवारी सकाळी दाराशी कोणी आलं. घंटा वाजली नाही, यावरूनच चारुशीलेला कळलं की खरोखर कोणीतरी आहे. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते. टोपी, धुळीने भरलेल्या वहाणा, आणि काखेत धोतराच्या पानात गुंडाळलेला टेबलफॅन. त्यांच्या मागे फाटकापाशी एक बाई डोक्यावर शिलाईची मशीन घेऊन उभी होती, आणि पानठेलेवाला बोट करून तिला हेच घर दाखवत होता.

"मुलमुले साहेब इथंच राह्यते का जी?"

"नाही," चारुशीला म्हणाली. "ते गावाला गेले."

"कोण आहे गं?" आतून मधुसूदनचा आवाज आला. "काही बिघडलंय का त्यांचं?"

"बिघडलं नाई जी!" गृहस्थ तिच्या खांद्यावरून आत ओरडले. "चालूच हाये! पण बाईनं रेडिओवर सांगतलं नं, चालू असली तरी खोलते म्हून! कळमेश्वराहून येऊन राहिलो, पयल्या गाडीनं."

आतलं ठोकणं थांबलं. मधुसूदन दाराशी आला. त्याच्या एका हातात नत्थूजींच्या ट्रान्झिस्टरचा पाठीमागचा भाग होता. त्याने पाहुण्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

"असं म्हणालीस तू? चालू असली तरी?"

"हो."

"रेडिओवर?"

"वेळ उरला होता," चारुशीला म्हणाली.

मधुसूदनने हातातलं खाली ठेवून पंखा दोन्ही हातांनी घेतला, धोतराचं पान हळूच बाजूला केलं आणि मागची जाळी कुठल्या स्क्रूंनी बसवली आहे ते वाकून पाहू लागला. त्याचा चेहरा कसा झाला असेल हे चारुशीलेला न पाहताच माहीत होतं, म्हणून ती तिकडे न पाहता पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेली, आणि आतून मोठ्याने, म्हणजे त्या शिलाईमशीनवाल्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा हो!"